बरोबर वाक्याला मी चूक म्हणाले

इंग्रजी वाक्यात क्रियापद आधी येतं आणि कसं, कुठे, केव्हा हे सगळं त्याच्या मागून येतं, हे मला ज्या माणसाने शिकवलं त्याची मला अजून किळस येते. शिकवलं मात्र त्याने पक्कं. तेच जास्त खुपतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मॅट्रिकला मी इंग्रजीत दोनदा आपटले होते. वडील नाशिक रोडला प्रेसमध्ये कामाला होते. तिथल्या कुणीतरी त्यांना सांगितलं, की एक निवृत्त हेडक्लार्क संध्याकाळी घरीच शिकवणी घेतात, त्यांच्याकडे गेलेलं पोर नापास होत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागले.

बाहेरच्या खोलीत सतरंजी, भिंतीला फळा आणि फळ्याखाली वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा. सर तंबाखू खात. शिकवता शिकवता ते वाकून त्या डब्यात थुंकत आणि धोतराच्या सोग्याला तोंड पुसून पुढचा शब्द लिहीत. पेनच्या टोपणाने कान कोरत आणि तेच पेन आमच्या वह्यांवर चालवत. माझ्या वहीत त्यांच्या तांबड्या दुरुस्त्यांशेजारी तंबाखूचे तपकिरी ठिपके असायचे. घरी आल्यावर मी ते ओल्या फडक्याने पुसायची, तर अक्षरंच फिसकटायची.

"आपल्याकडे काय म्हणतात? ती रोज शाळेत हळू बोलते," सर सांगायचे. "आधी केव्हा, मग कुठे, मग कसं, आणि क्रियापद शेपटाला. इंग्रजीत सगळं उलटं. शी स्पीक्स, हे आधी. मग सॉफ्टली, मग इन स्कूल, मग एव्हरी डे. कसं, कुठे, केव्हा! म्हणा!"

आम्ही अकरा जण एका सुरात म्हणायचो. मला ते एकदम समजलं. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत काहीतरी समजलं आणि मी सरांची लाडकी झाले.

त्या अकरांत एक बाई होत्या. तिशी ओलांडलेल्या, सुरगाण्याकडे प्राथमिक शाळेत काही वर्षं नोकरी करून बदलीने इकडे आलेल्या. जवळच्या बौद्ध कॉलनीत राहायच्या. बी.ए. करून हायस्कुलात शिकवायचं म्हणून इंग्रजी पक्कं करत होत्या. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. सर मात्र "मास्तरीणबाई" म्हणायचे, आणि तेही जरा लांबवून.

पहिल्याच आठवड्यात सरांनी त्यांना सांगितलं, "तुम्ही तिथे दाराशी बसा. वारा चांगला येतो." वारा येत नव्हता. दाराशी चपला होत्या. दोन दिवसांनी माठावरच्या पेल्याशिवाय आणखी एक पेला उंबऱ्यापाशी आला, पांढरा, कड उडालेला. तो कुणासाठी, हे कुणी बोललं नाही. बाईंनी त्याला कधी हात लावला नाही. त्या घरून बाटलीत पाणी आणायला लागल्या. हे सगळं मला दिसत होतं. मी माठातलं पाणी पीत होते.

एकदा बाईंनी वाक्य केलं, "आय टीच पेशंटली द चिल्ड्रन." मी मुलांना धीराने शिकवते, असं त्यांना म्हणायचं होतं.

सर खदखदून हसले. "मास्तरीणबाई, क्रियापद आणि कर्म, दोघांच्या मधे कुणी घुसायचं नसतं. टीच द चिल्ड्रन, मग पेशंटली. ज्याने त्याने आपापल्या जागेवर बसावं."

दोघेतिघे हसले. मीही हसले. सरांना त्यामुळे चेव आला. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "शी सिट्स क्वायटली निअर द डोअर एव्हरी डे." आणि माझ्याकडे वळले, "तू फोड करून सांग."

मी उभी राहिले. "सिट्स, बसते. कशी? क्वायटली, गुपचूप. कुठे? निअर द डोअर, दाराजवळ. केव्हा? एव्हरी डे, रोज."

"शाबास!"

बाई उठल्या. चपलांमधून वाट काढत फळ्यापाशी आल्या, सरांनी ठेवलेला खडू उचलला आणि खाली लिहिलं, "ही स्पिट्स लाउडली इनटू अ टिन एव्हरी इव्हिनिंग." तो रोज संध्याकाळी डब्यात मोठ्याने थुंकतो.

सरांच्या गालात तेव्हाही तंबाखू होती. त्यांना थुंकायचं होतं आणि थुंकता येत नव्हतं. शेवटी त्यांनी ती तशीच गिळली.

"चूक," ते म्हणाले.

"कुठे चूक आहे, सर?" बाईंनी शांतपणे विचारलं. "कसं, कुठे, केव्हा. तुम्हीच शिकवलंत."

सर माझ्याकडे वळले. "तू सांग. बरोबर की चूक?"

त्या वाक्यात काना-मात्रेचीही चूक नव्हती. आख्ख्या खोलीत ते सर्वांत खात्रीने मला माहीत होतं.

"चूक," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खडू जागेवर ठेवला, पिशवी घेतली आणि गेल्या. सरांनी फळा पुसला, खाली वाकून भरपूर थुंकले आणि म्हणाले, "हं, पुढचं वाक्य."

मी पुढचं वाक्य लिहून घेतलं. आणि आणखी तीन महिने तिथे जात राहिले. पास झाले, डी.एड. केलं, शिक्षिका झाले, इंग्रजीच शिकवायला लागले. सरांची किळस करणं सोपं होतं. स्वतःची येऊ लागली तेव्हा ती धुवायला काही सापडेना.

ऐंशीच्या दशकात एकदा आम्हाला प्रशिक्षणासाठी कळवणला पाठवलं. इंग्रजीचा वर्ग घ्यायला ज्या आल्या, त्या बाईच होत्या. केस पिकले होते, आवाज तोच. आता त्या हायस्कुलात होत्या. त्यांनी क्रियापदामागचे शब्द शिकवले, मुलांच्या खेळातली वाक्यं घेऊन, कुणाला न हसता. चूक झाली की म्हणायच्या, "जवळ आलात, अजून एकदा बघा."

चहाच्या सुट्टीत मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. नाव सांगायची गरज पडली नाही.

"बाई, ते वाक्य बरोबर होतं."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुलाही माहीत होतं."

"मी घाबरले होते."

"नाही गं. घाबरलेलं माणूस मी ओळखते. तुला शाबासकी हवी होती."

त्यांनी कप खाली ठेवला आणि कुणाच्या तरी शंकेला उत्तर द्यायला वळल्या. रागाने नाही, त्यांना खरोखरच काम होतं. त्यांनी मला माफ केलं नाही आणि बोलही लावला नाही. दुपारचं सत्र मी शेवटच्या बाकावर बसून पुरं केलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलीस? लहान होतीस तू."

मी एकोणीस वर्षांची होते. लहान नव्हते.