नसरीन, माझी आई आणि दम्याची ती दुपार

मला नसरीनचा हेवा वाटायचा.

आज सकाळी ती गेली. तरी वाटतोच आहे.

अमरावतीच्या फार्मसी कॉलेजात आम्ही दोघी एकच विषय शिकवायचो. औषधं शरीरात काय करतात, तो.

बीटा-ब्लॉकर मी चाळीसेक स्लाइड्स लावून शिकवायचे. पोरं जांभया द्यायची.

अचलपूरची ही बाई खडूसुद्धा हातात न घेता विचारायची, "परतवाड्याच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरता का नाई?"

अख्खा वर्ग जागा.

"पेशीवरचा रिसेप्टर म्हणजे ते सीट. अ‍ॅड्रेनॅलिन येऊन बसलं का हृदय जोरात धावते. बीटा-ब्लॉकर म्हणजे रुमाल. सोता काई करत नाई, पण दुसऱ्याले बसू देत नाई. आता गर्दीच लय झाली, तर कोणी रुमाल फेकून बसतेच. म्हणून डोस पाहून द्या लागते."

त्याच एसटीनं मीही फिरले होते. मला का नाही सुचलं?

हे तरी मी पचवलं. आईचं नाही पचवलं.

माझी आई अकोल्याला एकटी राहते. नसरीन माझ्याबरोबर तिच्याकडे येऊन-जाऊन असायची. तिला जुना दमा. एका दुपारी तिला श्वास लागला आणि तिनं फोन केला.

नसरीनला.

"मावशी, आज नवीन काय खाल्लं?"

"हात थरथर कापून राहिले होते म्हून शेजारच्या कमलनं तिची गोळी देल्ली."

नसरीननं पाकिटावरचं नाव वाचायला लावलं. प्रोप्रॅनोलॉल. म्हणजे बीटा-ब्लॉकरच.

"आत्ताच्या आत्ता कमलमावशीले घेऊन दवाखान्यात जा. पाकीट दाखवा. दमा आहे म्हणून सांगा."

मग तिनं मला सांगितलं. तिच्याच गाडीतून आम्ही अकोल्याला निघालो.

दोघींना सगळं माहीत होतं. ही गोळी हृदयावरचेच नाही, श्वासनलिकांवरचेही रिसेप्टर अडवते. नळ्या आवळतात. आणि आईचा नेहमीचा पंप त्याच रिसेप्टरवर काम करतो, म्हणजे तोही धड लागू पडणार नाही.

पोचलो तेव्हा आईला ऑक्सिजन लावलेला. धाप उतरत होती. तिनं डोळे उघडले, हात पुढे केला.

नसरीनकडे.

मी पिशवी धरून उभी.

नंतर आईला विचारलंच, "मला काहून नाही केला फोन?"

"तू घाबरतं वं. ते घाबरत नाई."

परतताना मी गाडीत फटकन बोलले, "माझी आई आहे ती."

नसरीन हसली. "मले मायच नाई. मी पाळण्यात होती तवाच गेली. जराशी तुही माय वापरू दे ना."



मग तिला कॅन्सर झाला. आई अकोल्याहून तिच्यासाठी ज्वारीचं पीठ, तिळाची चटणी पाठवायची. डबा माझ्याच हातून जायचा. एकदाही म्हणाली नाही, तूही खा.

आज सकाळी मीच आईला फोन केला.



ती म्हणाली, "माही पोर गेली वं. मले घेऊन चाल."

मी तिला अकोल्याहून घेऊन आले. गुडघ्यांमुळे माझ्या घराचे जिने न चढणारी आई आज नसरीनचे दोन मजले चढली. आता तिच्या उशाशी बसून आहे. बायका उठवायला आल्या, उठत नाही. नसरीनच्या कपाळावरून हात फिरवते आहे.

मी दारात उभी राहून हे लिहिते आहे. रडू येतंय, आणि जळफळाटही होतोय.

नसरीन, आज आईला तुझ्यापाशीच राहू देते.

खुदा हाफिज, बाई.