पाठीमागून आलेला भाताचा वास

कमलचं रक्त थांबत नव्हतं आणि मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फिनेलच्या वासात उभी होते. बाळ तासापूर्वी झालेलं, माझ्याच हातात होतं, चांगलं ठणठणीत. जात होती ती माझी सून. नर्स बाहेर आली. म्हणाली, "आजी, तिच्या गटाचं रक्त संपलंय. द्यायला तुमचं कोणी आलंय का?"

"न्हाई बाई. कोनी न्हाई."

मुलगा दुसऱ्या गावच्या रक्तपेढीकडे पळाला होता. नर्स आत गेली, आणि त्या फिनेलच्या वासातून मला नव्या भाताचा वास आला. खळ्यावरच्या, उन्हात तापलेल्या तुसाचा. तो माझ्या पाठीमागून येत होता. आपल्या वाडीतलं कोणीतरी भाताची झोडणी टाकून आलंय, हे मला कळलं. तरी मी मागे वळून पाहिलं नाही.

का पाहिलं नाही? त्यासाठी तुम्हाला आमच्या वाडीत यावं लागेल. भंडारदऱ्याच्या पाण्यावरून सकाळी धुकं उठतं आणि खाचरांतून चढत चढत आमच्या अंगणापर्यंत येतं. त्या वेळी समोरचं घरसुद्धा दिसत नाही. नुसती कोणाची तरी खोकल्याची उबळ, कोणाच्या तरी बांगड्यांचा आवाज. अशा धुक्यात आमच्याकडे देणं होत आलं. ज्या घरी भात सरला, त्या घराच्या मागच्या दाराशी टोपली यायची. आतल्या बाईने पावलं ऐकली तरी दार उघडायचं नाही. पावलं लांब गेली की टोपली आत घ्यायची, आणि रिकामी झाली की देवळाच्या ओट्यावर ठेवून यायची. सगळ्यांच्या टोपल्या एकाच बुरुडाच्या हातच्या, एकसारख्या. कोणाची कोणती, हे ज्याचं त्याला ठाऊक. देणाऱ्याने हाक मारायची नाही, घेणाऱ्याने वळून पाहायचं नाही. माझा नवरा गेला त्या वर्षी माझ्या दाराशी किती टोपल्या आल्या! पडल्या पडल्या मी पावलं ऐकायचे. आजही कधी दुपारी डोळा लागला, की तीच पावलं धुक्यातून येतात, थांबतात, आणि परत जातात.

परवा पुण्याकडची एक मुलगी आली होती. माणसं दानधर्म कशी करतात आणि ते कसं बदलत चाललंय, याचा ती अभ्यास करते. ओसरीवर बसून मोबाईलवर लिहीत होती. तिने विचारलं, "आजी, तुम्हाला आतापर्यंत कोणी कोणी मदत केली?"

"काय म्हाईत!"

"आठवत नाही का?"

"आठवतंय की लई. बघितलं न्हाई."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. मग तिने मला मोबाईलवर एक आजारी मूल दाखवलं. कुठली कुठली माणसं घरबसल्या त्याला पैसे पाठवतात म्हणे. मी पुष्कळ वेळ बघत बसले. गेल्या थंडीत आमच्याकडे ब्लँकेटं वाटायला गाडी आली होती, तेव्हा माझा फोटो काढला होता. ब्लँकेट पुढे, मी मागे. ते मला आवडलं नाही. पण हे मोबाईलवरचं? देणारा दिसत नाही, त्याची पावलंही वाजत नाहीत. हेही मागचंच दार नाही का? फक्त घेणाऱ्याचं तोंड तेवढं सगळ्या जगाला दिसतं. टोपलीसाठी मला तोंड दाखवावं लागलं नव्हतं. पण जुनं तेवढं सोनं, असंही मी म्हणणार नाही. ज्या घरी भात सरल्याचं कोणाला कळलंच नाही, तिथे टोपलीही गेली नाही. आणि सात वर्षांपूर्वी त्या दिवशी व्हरांड्यात आमच्या याच रीतीने घात केला असता.

नर्स दुसऱ्यांदा बाहेर आली. या वेळी तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाठीमागे तुसाचा वास तसाच होता. ते गप्प, मी गप्प, आणि आत कमल पांढरी पडत चाललेली. मग मी वळले. जन्मात पहिल्यांदा देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. बाकावर चौघं बसले होते, माना खाली घालून, धोतर-पँटींना काड्या चिकटलेल्या. त्यांत भागाही होता. बांधावरून आमचं भांडण, दोन वर्षं त्याने माझ्या दारावरून जाताना मान वळवली नव्हती.

"आरं मुडद्यांनो," मी ओरडले, "तांदूळ द्यायला आलाय व्हय, असं तोंड लपवून बसायला? उठा की!"

सगळ्यांच्या आधी भागा उठला. बाही वर सारत नर्सला म्हणाला, "हिच्या तोंडाकडं बघू नका बाई. कुठं झोपायचं ते सांगा."

एकामागून एक चौघं आत गेले. मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

ओसरीवरच्या त्या मुलीने माझ्याकडून हे सगळं ऐकून लिहून घेतलं. मग म्हणाली, "आणि रक्त जुळलं कोणाचं?"

"इचारलं न्हाई."

"सात वर्षांत एकदाही नाही?"

"न्हाई."

भागा अजूनही माझ्याशी बोलत नाही. बांधही जागच्या जागी आहे. मुलीने तिच्या मोबाईलवर नावाची ती जागा कोरी सोडली. अंगणात भात पसरला होता, वर आलेलं ऊन त्याच्यावर पडलं, आणि तोच वास ओसरीवर आला. मी डोळे मिटून घेतले. आतून कपबशांचा आवाज आला.

कमल जगली. त्या मुलीला चहा तिनेच आणून दिला.