एंटरवर बसलेलं कासव

सर्व्हरवर नुसती उघडून ठेवलेली, महिनोन्‌महिने न वापरलेली कनेक्शनं दिसली की आजही माझं डोकं फिरतं. मशीनचा यात काही दोष नसतो. राग येतो तो ती उघडून चहाला निघून जाणाऱ्या माणसांचा.

पुण्यात जो तो संगणक बसवत सुटला होता, त्या दिवसांत मार्केट यार्डातल्या एका वाहतूक कंपनीचा डेटाबेस सर्व्हर मी कंत्राटावर सांभाळत असे. प्रोग्राम उघडला की सर्व्हरवर एक कनेक्शन अडायचं, आणि एका वेळी ठरावीकच कनेक्शनं त्याला पेलायची. वरच्या मजल्यावरचे कारकून आल्या आल्या आपला प्रोग्राम उघडत, कुणी दोन-दोनदा, आणि संध्याकाळी तो तसाच सोडून घरी जात. का, तर उद्या जागा मिळाली नाही तर? बसच्या सीटवर रुमाल टाकावा तसा प्रकार.

याचा सगळा त्रास खाली गेटवरच्या बाईंना. अमरावतीकडच्या, विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायच्या. त्यांनी गेटपास छापल्याशिवाय भाजीची गाडी बाहेर पडत नसे, आणि सर्व्हरवर जागा नसली की गेटपास निघत नसे. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, हमाल ओरडायचे, कोथिंबीर सुकायची आणि मॅनेजर वरून खिडकीतून विचारायचे, "काय बाई, झोप झाली का?"

"मी सकाळपासून पाहून राहिली मॅडम," त्या मला म्हणाल्या, "आत घेतच नाही तो."

बाई अजून कायम झाल्या नव्हत्या. महिनाअखेरीला त्यांना काढून दुसरं कुणीतरी आणायचंय, असं मॅनेजर मला सहज सांगून गेले. जसा काही पंखाच बदलायचा होता!

मी नियम लावला. अर्धा तास कुणी हात लावला नाही, की सर्व्हर ते कनेक्शन आपोआप तोडेल. वर केवढा आरडाओरडा झाला! पुन्हा पासवर्ड टाकायचा? बोटांना फोडच येणार होते ना यांच्या. मग एकाएकी सगळे गप्प झाले. मला बरं वाटलं, पण गेटवर पुन्हा तेच. सर्व्हर तपासला तर एकही कनेक्शन रिकामं नाही. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा सगळे कामात. या ऑफिसात? मी जिना चढून वर गेले.

वर चिटपाखरू नव्हतं. प्रत्येक कीबोर्डवर, एंटरच्या बटणावर, लोखंडी वजन ठेवलेलं. कुठे पाव किलोचं, कुठे अर्ध्या किलोचं, खालच्या गाळ्यांमधून आणलेलं. बटण दाबलेलं राहिलं की प्रोग्राम तोच प्रश्न सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारत राहतो, आणि सर्व्हरला वाटतं, साहेब कामात आहेत. मॅनेजरांच्या केबिनला लोखंडी वजन शोभलं नसतं. तिथे वास्तूसाठी आणलेलं पितळी कासव एंटरवर बसलं होतं. अख्ख्या ऑफिसात सर्वांत कामसू तेच.

मॅनेजर तोंड पुसत आले.

"अहो, तुमच्या या कासवापायी खाली गाड्या अडल्यात," मी म्हटलं. "आणि बोलणी त्या बाई खातायत."

"मालकांनी एकदम काही विचारलं तर उघडं नको का? आपण सर्व्हर बघा मॅडम. माणसं आम्ही बघतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली येऊन मी सर्व्हरवर बदल केला. यापुढे एका माणसाला एकच कनेक्शन, आणि गेटसाठी एक जागा कायमची राखून ठेवलेली. विचारलं कुणालाही नाही. वर बसून वजनं ठेवा नाहीतर देव्हारा मांडा.

दुसऱ्या दिवसापासून गेटपास झरझर निघू लागले. महिनाअखेरीला मालक आले. आल्या आल्या त्यांनी कासवाला हात लावून तो कपाळाला लावला. बाईंना वर बोलावणं गेलं. मीही तिथेच होते.

"बघा साहेब," मॅनेजर म्हणाले, "काढून टाकतो म्हटल्यावर कशा सुधारल्या! दम दिल्याशिवाय ही माणसं हलत नाहीत."

मालक खूश. "मग राहू द्या यांना. पण बाई, आधीच्या ढिलाईबद्दल मॅनेजरसाहेबांची माफी मागा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं. चांगलं करकचून.

"चुकलं साहेब," त्या म्हणाल्या. "आता नाही होणार."

जिन्यात मी त्यांच्यावरच चिडले. "अहो, तुमची काय चूक होती? मी सगळं सांगणार होते ना!"

"तुम्ही सांगून घरी जाल मॅडम," त्या म्हणाल्या. "मले उद्या इथंच यायचं आहे न."

खाली मेथीची गाडी उभी होती. त्यांनी पहिल्याच फटक्याला गेटपास काढला आणि ड्रायव्हरच्या हातात दिला. माझ्या मनगटावर त्यांची बोटं अजून उमटलेली होती.