कोरं झबलं

मावशी काय करते, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते: ती लोकांच्या नव्या वस्तू जुन्या करून देते. ऐकणाऱ्याला चेष्टा वाटते. पण आमच्या गावातून पूल ओलांडला की दुसरा देश लागतो आणि पुलावरच्या नाक्यावर पाटी आहे: वापरलेल्या वस्तू नेता येतील, नव्या जप्त होतील. गावातल्या निम्म्या मुली पलीकडे दिलेल्या. त्यांना काय जुनेरं पाठवायची?

म्हणून लोक नवी वस्तू घेऊन मावशीकडे येतात. आठ नंबरचे बूट ती कागदाचे बोळे कोंबून आपल्या पाच नंबरच्या पायांत चढवते आणि बाजारापर्यंत दोन फेऱ्या मारते. कुकर आला की तीन दिवस घरात सगळ्यांना उकडलेले बटाटे. भिंतीवरच्या घड्याळाने मात्र तिला कोड्यात टाकलं होतं. घड्याळ वापरायचं म्हणजे करायचं काय? शेवटी ती दिवसभर त्याच्याकडे बघत बसली.

"हे वापरलेलं कशावरून?" नाक्यावरच्या साहेबांनी विचारलं.

"काल दिवसभर मीच बघितलंय."

साहेबांनी मान डोलावली आणि चिठ्ठीवर 'वापरलेले' असा शिक्का मारला. एकाने वडिलांसाठी नवी कवळी आणली, तेव्हा मात्र मावशीने हात जोडले.

मग तिची स्वतःचीच मुलगी पलीकडे बाळंत झाली. मुलगी झाली. मावशीने चार महिने खपून झबलं शिवलं होतं, पांढरं, गळ्याला बारीक निळं भरतकाम. निघायच्या दिवशी मी म्हटलं, "एकदा धुऊन तरी घे. थोडं चुरगळ."

ती उसळलीच. "जगाचं नवं मी जुनं केलं. माझ्या नातीला कोरंच देणार."

"आणि जप्त झालं तर?"

"खरं काय ते सांगेन. माझ्या हातच्या कामाला मी जुनं म्हणणार नाही."

मला असा राग आला म्हणता! बारा वर्षं नाक्यावर बिनदिक्कत थापा मारल्या आणि आता नातीच्या वेळी हिला खरं बोलायचं होतं.

नाक्यावर तिने झबलं टेबलावर ठेवलं. "साहेब, हे नवं आहे."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्या हातची वस्तू नवी कशी असेल, मावशी? वापरलेलं दिसतंय."

"कुठे दिसतंय? एक सुरकुती दाखवा."

रांगेतला बॅगवाला कळवळून म्हणाला, "अहो बाई, साहेब स्वतः जुनं म्हणतायत, घ्या की." मी तिला चिमटा काढला. तिने माझा हात झटकला आणि झबलं उलटं करून टाके दाखवायला लागली. साहेबांनी नाइलाजाने जप्तीची वही ओढली. मावशीने झबल्यावरचा हात काही काढला नाही. साहेबांना तो दिसला असावा, कारण लिहिता लिहिता ते थांबले.

"शिवायला किती दिवस लागले?"

"चार महिने."

"तेवढे दिवस झबलं कुठे असायचं?"

"कुठे म्हणजे? माझ्या मांडीवर."

"घड्याळ एक दिवस बघितलंत, ते वापरलेलं झालं," साहेब म्हणाले. "हे तर चार महिने मांडीवर घेऊन बसलात." आणि त्यांनी चिठ्ठीवर शिक्का मारला.

मावशीने चिठ्ठी उचलली आणि झबल्याची घडी घातली. तिच्याच धंद्यात तिला कुणी हरवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मुलीच्या घरी तिने हातपाय धुतले, नातीला मांडीवर घेतलं आणि झबलं घातलं. मुलीने भरतकामावरून बोट फिरवलं. "आई, कोरं आहे ना गं?"

मावशी बंद बांधत होती. तिचे डोळे भरून आले.

"नाही गं," ती म्हणाली. "थोडं वापरलंय मी."