काचेसारखं पाणी

पुण्याच्या लकडी पुलावरून मुठेचं काळं पाणी बघत वाढलेल्या मुलीला नितळ पाण्याचं भलतंच अप्रूप. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नवी नवी लागले आणि चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीशेजारी ओढ्याचे नमुने घ्यायला गेले, तर तळाचे दगड दिसत होते. मी पदवीधर, वर दीडशहाणी. "अय्या, किती स्वच्छ!" म्हणत त्याच पाण्यानं तोंड धुतलं. डोळे चुरचुरून बाईसाहेब थयथय नाचल्या.

आमचे साहेब शांतपणे म्हणाले, "यात मासा दिसतो का? बेडूक? शेवाळं? काही जगत नाही, म्हणून नितळ आहे ते."

खाणीतून झिरपणारं आम्ल पाणी होतं ते. पुढे कित्येक वर्षं तिथल्या बाटल्या मी तपासल्या आणि प्रत्येक अहवालाखाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'निरीक्षण चालू ठेवावे.' काय तो रुबाब! जणू माझ्या नजरेला घाबरून ओढा सुधारणार होता.

परवा आमच्या कोथरूडच्या स्वयंपाकघरात पोळ्या करणाऱ्या बाईनं पिठाच्या हातानं फोन पुढे धरला. ती त्याच बाजूची.

"पाहा जी आजी, आमच्या गावचा नाला. खाण बंद झाली न पानी कसं काचेवानी झालं! भाऊ आजपासून पऱ्ह्यांले देते."

पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. मी तिला लगेच भावाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला.

"नाल्यातले दगड कसे आहेत हो?"

"गेरू फासल्यावानी लाल, जी." म्हणजे खाणीच्या आम्ल पाण्यातलं लोखंड दगडांवर बसलं होतं.

"घरी जास्वंद आहे?"

"देवाले तोडून ठेवली आहे."

"देवाला सांगा, पुण्याच्या म्हातारीनं दोन फुलं उसनी घेतली."

त्यानं पाकळ्या गरम पाण्यात चुरल्या. एका पेल्यात हापशीचं पाणी, दुसऱ्यात नाल्याचं. दोन्हींत तो रस ओतला. हापशीचा पेला मळकट जांभळा झाला. नाल्याचा लालभडक. जास्वंदीचा रस आम्लात असाच खुलतो.

"वा, सरबत झालं जी!" तो हसला.

"हे रोपांना देऊ नका. मुळं जळतील."

"मंग कोनतं देऊ? हापशीचं पानी प्यालेच पुरत नाही. अन् पऱ्हे तर पान्यावाचून पिवळे पडून राहिले."

चुना टाका म्हणावं, तर वाहत्या नाल्यात किती ओतणार? तक्रार करा म्हणावं, तर दखल घ्यायला माणूस येईपर्यंत रोपं उरायला हवीत. चाळीस वर्षं पाणी तपासलेल्या या बाईला एवढंच सुचलं, "दोन दिवस थांबा."

"बरं जी."

फोन चालू राहिला हे त्याच्या लक्षात आलं नसावं. पडदा काळा झाला, खिशात गेला असेल. त्याच्या बायकोचा आवाज आला.

"काय म्हनल्या आजी?"

"थांब म्हनल्या."

"कायच्यासाठी?"

इकडे लाटणं थांबलं होतं. बाई माझ्याकडे बघत होती. मी फोन बंद केला.