बिनखिळ्याची खोली

आमच्या शाळेच्या कार्यशाळेत तिला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे घडी म्हणायचे, कारण तिने बनवलेली प्रत्येक वस्तू दुमडायची. पहिल्या वर्षी मी वर्गाला स्टूल करायला सांगितलं, तेव्हा बाकीच्यांची स्टुलं डुगडुगत का होईना उभी राहिली. हिचं उभंही राहिलं आणि तास संपल्यावर मिटून दप्तरात गेलं. पुढे तिने टेबलावरचा दिवा केला, कपड्यांचा रॅक केला. तेही मिटले. "तुझ्या हाती गाढव दिलं तर त्याचीही घडी घालशील," मी म्हटलं. वर्ग हसला. तीही हसली, आणि मग गाढवाचे पाय नेमके कुठून दुमडावे लागतील ते मला गंभीरपणे सांगायला लागली.

मी पूर्वी कारखान्यात वेल्डर होते. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून शाळेत आले. शिकवण्याची मला फार हौस होती अशातला भाग नाही, आणि तोंडाची मी फटकळ. मुलं मला वचकून असतात आणि मला ते बरं वाटतं. घडीला मात्र माझा वचक नव्हता. मी ओरडले की ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि मग स्वतःला हवं तेच करायची.

शेवटच्या वर्षी तिने स्वतःचं यंत्र करायला घेतलं. तिची आई एका लॉन्ड्रीत कामाला होती. तिथे हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या जात. धुवायच्या मशीनमधून त्या ओल्याच उपसायच्या आणि ड्रायरपर्यंत वाहून न्यायच्या, हे आईचं काम. ओल्या चादरी किती जड होतात ते उपसल्याशिवाय कळत नाही. आईची कंबर कामातून गेली होती. म्हणून लेकीने एक खांब, त्यावर फिरणारा आडवा हात, टोकाला कप्पी आणि जाळीची टोपली असं काहीतरी आखलं. हँडल फिरवलं की टोपली वर, हात ढकलला की थेट ड्रायरच्या तोंडाशी. कल्पना झकास होती. मी तसं तोंडावर म्हटलं नाही.

याच यंत्रावर तिचं पुढचं शिक्षण अवलंबून होतं. गावाबाहेरच्या तंत्रनिकेतनात थोड्या जागा अशा होत्या, की स्वतः बनवलेलं यंत्र परीक्षकांपुढे चालवून दाखवायचं, ते भार घेऊन टिकलं की इंजिनिअरिंगला प्रवेश. घडीला दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात जायचं नव्हतं. इतके चांगले मार्क आणि हिला हेच कॉलेज का, हे कोडं मला पडलं होतं.

पहिल्याच चाचणीत हात झोपला. टोपलीत ओली पोती भरली आणि आडवा हात मधल्या सांध्यातून खाली वाकला. वाकणारच. तिने तो तीन तुकड्यांत केला होता, आणि तुकडे जोडायला हाताने फिरवायचे कानवाले नट लावले होते.

"सांधे वेल्ड करून टाकू," मी म्हटलं. "दुपारपर्यंत होईल."

"नको बाई."

"मग निदान पान्याने आवळायचे नट लाव."

"पाना हाताशी नसला तर?"

"पाना नसायला काय झालं? लॉन्ड्री आहे की वाळवंट? हा हात खाली आला तर तुझ्या आईच्या डोक्यात पडेल. तुझ्या या दुमडण्याच्या नादापायी एक दिवस कुणाचातरी जीव जाईल."

हे मी बोलायला नको होतं. तिचा चेहरा उतरला. मुलं जेवायला गेल्यावर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "वेल्ड केलं तर नेता येणार नाही, बाई."

"कुठे न्यायचंय?"

"कुठेही. जावं लागेल तिथे."

मग तिने सांगितलं. ती अगदी लहान असताना आईबाबा तिला घेऊन या देशात आले. राहायच्या परवानगीची मुदत संपली, माणसं राहिली. तेव्हापासून तिघांपैकी कुणाकडेही इथे असण्याचा कागद नाही. बाबा घरं रंगवतात. कुठे कागदांच्या तपासणीची कुणकुण लागली की ते संध्याकाळी येऊन एवढंच म्हणतात, "आवरा." की आवरायचं. तंत्रनिकेतनात प्रवेश देताना कागद मागत नाहीत, म्हणून तेवढं एकच कॉलेज. मी काढून ठेवलेला वेल्डिंगचा मुखवटा परत खुंटीला अडकवला.

त्या रविवारी तिने मला घरी नेलं. खोली लहान आणि लख्ख. पलंग दुमडायचा, टेबल दुमडायचं, खुर्च्या दुमडायच्या, सगळं हिच्या हातचं. भिंती मात्र कोऱ्या करकरीत. फोटो नाही, आरसा नाही, कॅलेंडरसुद्धा नाही. आरसा खिडकीत टेकवलेला होता.

"खिळा मारायचा नाही, हा आईचा नियम आहे," घडी म्हणाली.

"भिंतीला भोक पडलं की घरमालक कटकट करतो," आई म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "आणि खिळा मारला की जीव अडकतो हो बाई. एकदा मारला होता. ती खोली सोडताना फार जड गेलं."

बाबांनी विषय बदलला आणि मला माझ्या घराला कुठला रंग आहे ते विचारलं. पिवळा, म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. माणूस मला आवडला.

परीक्षा तोंडावर आली होती तेव्हा घडी सकाळीच कार्यशाळेत आली आणि शाळेने कामासाठी दिलेला चष्मा आणि हातमोजे माझ्या टेबलावर ठेवले.

"परत करायला आणलेत. लॉन्ड्रीच्या शेजारच्या कारखान्यात तपासणी झाली. बाबा म्हणाले, आवरा."

"आणि परीक्षा?"

"दुसऱ्या गावी गेल्यावर बघू, असं बाबा म्हणतात."

"तिकडे असं कॉलेज आहे?"

तिने मान हलवली. नव्हतं. यंत्राचे तुकडे तिने रात्रीच सुटे करून बांधले होते. कानवाले नट, हाताने झटपट निघाले म्हणाली. मला राग आला, इतका की हातातली कानस मी टेबलावर आपटली. कुणावर रागवायचं तेच कळत नव्हतं. तिच्या बापावर? तो लेकीला सांभाळत होता. ती गेली आणि मी दिवसभर मुलांवर उगाच खेकसत राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना दारात तिची आई उभी. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताने लॉन्ड्रीची चाकाची गाडी धरलेली. गाडीत यंत्राचे तुकडे. मागे घडी, रडून डोळे सुजलेली.

"बाई," आई म्हणाली, "हे वेल्ड करून द्याल का?"

"तुम्ही निघणार होतात ना?"

"दर वेळी निघालो. हिची शाळा किती वेळा बदलली, हिने कधी हूं की चूं केलं नाही. परवा रात्री तुकडे बांधताना पण काही बोलली नाही. मला तेच बघवेना. काल रात्रभर मी ह्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुम्हाला जायचं तर जा, मी आणि पोर इथेच. आता ते घरी फुगून बसलेत. पण गेले नाहीत."

"आणि तपासणी आली तर?"

"आली तर आली. भीती वाटते हो. पण भीतीपोटी पोरीला किती वेळा गुंडाळायची?"

मी तोंडावर मुखवटा चढवला. एक घडीला दिला, एक आईला. पहिला सांधा मी केला, बाकीचे घडीला करायला लावले. तिची पहिली रेघ वेडीवाकडी आली. मी ती घासून काढायला लावली आणि पुन्हा करवून घेतली. माया वेगळी, सांधा वेगळा. आई शेवटपर्यंत उभी राहून बघत होती. मुखवट्याच्या आत मी रडले, आणि ते कुणाला दिसलं नाही हे बरंच झालं.

परीक्षेच्या दिवशी यंत्र अख्खंच्या अख्खं न्यावं लागलं. बाबांनी रंगकामाच्या टेम्पोतून आणलं, माझ्याशी चकार शब्द न बोलता. परीक्षकांनी टोपलीत वजनं ठेवली, मग आणखी ठेवली. हात हलला नाही. एका परीक्षकाने विचारलं, "हे दुमडता आलं असतं तर जागा वाचली असती, नाही का?" घडी म्हणाली, "हो सर. पण हे एका जागी राहण्यासाठी केलंय." तिला प्रवेश मिळाला. गेटपाशी बाबा पाठ फिरवून टेम्पोची दोरी बराच वेळ सोडत होते, सुटलेली असूनही.

कागद त्यांना अजून मिळालेला नाही. घडी दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या यंत्राचा खांब लॉन्ड्रीत जमिनीला बोल्टने पक्का बसवलाय आणि आई त्याचा हात एका बोटाने फिरवते. जिन्यात अनोळखी पावलं वाजली की तिघंही बोलायचं थांबतात, हे मी स्वतः पाहिलंय.

गेल्या महिन्यात गेले होते तेव्हा दाराशेजारच्या भिंतीवर घडीचा कॉलेजचा निळा डगला टांगलेला दिसला. खिळ्याला. खिळा तिरका गेला होता आणि भोवतीचा गिलावा उडाला होता.

"आईने मारलाय," घडी म्हणाली. "मी सांगत होते, स्क्रू लावू, हवा तेव्हा काढता येतो."

आई कणीक मळत होती. मागे वळून न बघता म्हणाली, "म्हणूनच खिळा मारला."