शेंदराखालचा नंबर

माहा मोठा भाऊ नत्थुजी गेला त्याले चार महिने झाले. हिवरखेडात आमचा फुलाचा मया हाये, झेंडू-शेवंतीचा. गावात लोकं म्हनतात, म्हातारा जीपीच्या नादानं गेला. नादानं नाही गेला. त्याले चोर म्हटलं, ते त्याच्या मनाले लागलं.

जीप मिलिटरीची, बासष्ट सालची. लष्कराच्या लिलावात भावानं अठ्ठ्याऐंशीत घेतली. पासिंग केली, सारे कागद केले. तिले तो सुभेदारीन म्हने. सकायी मांगं फुलाचे भारे टाकाचे अन् निंघाचं अकोल्याले, जुन्या शहरातल्या बाजारात. गावातली कोनाची बाई अडली त याचीच जीप दारात उभी. कोनी भाडं इचारलं की म्हने, "सुभेदारीन भाडं घेत नाही, सलाम घेते. ठोक सलाम."

पन इमा नसला त तो तिले दाराबाहेर काढे नाही. आमच्या शेजारच्याचा पाय एका बिनइम्याच्या ट्रॅक्टरखाली गेल्ता. त्याले काहीच भेटलं नाही, जनमभर कुबडी. तवापासून भावाचं एकच, कागद नाही त गाडी नाही.

पह्यले केशवराव म्हनून एजंट होते, जुन्या शहरातले. दरसाली हातानं फारम भरून इमा करून देत. ते थकले, घरी बसले, अन् इमा तुटला. मंग भाऊ दारोदार. कोनी म्हने, "बाबा, कंप्युटरात तुमचं सालच येत नाही." कोनी म्हने ही गाडीच लिष्टीत नाही. एकजन हासत म्हने, "बाबा, लढाईवर चालले काय?"

भाऊ म्हने, "लढाईच चालू हाये न बाप्पा. तुह्याच हापिसात."

शेवटी अमरावतीची एक कंपनी हो म्हने. पन इमा तुटलेला, म्हनून गाडी पाहाले त्यायचा मानूस आला, नितेश नावाचा. त्यानं चेसिसच्या नंबरची छाप मांगतली. म्हंजे लोखंडावर जो नंबर ठोकलेला रायते, त्याच्यावर कागद ठेवाचा, पेन्सिल घासाची, आकडे उमटतात.

आता दसऱ्याले सारे लोकं गाडीच्या बोनटले हळद-कुंकू लावतात. भाऊ लावे नंबरले. घेतली तवा एका मिस्तरीनं सांगतल्तं, हा नंबर म्हंजे गाडीचा जीव. तवापासून दर दसऱ्याले बोटानं तेल-शेंदूर नंबरावर. पस्तीस वर्साचा शेंदूर! दगडावानी झाल्ता. नितेशनं पेन्सिल घासली त कागद नुसता काया झाला.

"सोमवारी या साहेब, मी साफ करून ठेवतो," भाऊ म्हने.

एकाहत्तर वर्साचा मानूस तीन दिवस जीपीखाली पडून होता. घासलेट लावलं, खुरप्यानं खरडलं, मंग घासकागद. त्याचा पोरगा अमोल म्हने, "बाबा, राहू द्या न, मिस्तरी बोलावू."

"मी लावला, मीच काढीन."

शेंदूर निंघाला. अन् त्याच्यासंग शेवटचे दोन आकडे बी निंघाले.

नितेशनं फोटू नेले. मंग अमरावतीहून बोलावनं आलं. मी संग गेल्ती. बडनेऱ्याले उतरलो, आटो केला. साहेब खुर्चीतून हालला नाही. म्हने, "नंबर खोडलेला हाये. चोरीच्या गाडीचेच नंबर असे खोडतात."

भावानं पन्नीतून आरसी बुक काढलं, लिलावाची पावती काढली. "हे पाहा न साहेब. शेंदूर होता तो, मीच लावला होता."

साहेबानं कागदाले हात बी लावला नाही. बाजूच्याले म्हने, "शेंदूर म्हने!" अन् दोघं हासले.

येताना बडनेऱ्याच्या टेसनावर भाऊ चहा नाही प्याला. मले म्हने, "सत्ते, मी चोर दिसतो काय वं?"

मंग चवदा महिने जीप अंगनात. अमोल म्हने, "बाबा, गावातल्या गावात चालवा, कोन पायते?" त्याच्यावर असा खेकसला! रोज सकायी जीपीत बसून जागच्या जागी इंजिन चालू करे, दहा मिन्टं, अन् बंद. एका दिवशी बंदच नाही झालं. वयनीनं जाऊन पाह्यलं, त स्टेरिंगवर डोकं.

तेरवी झाली. जीप अमोलच्या नावानं कराले आमी आरटीओत गेलो. खिडकीवरच्या बाईनं नंबरचा फोटू पाह्यला अन् म्हने, "नंबर घासला होय? मंग अर्ज करा. जुनी फाईल पाहून परत ठोकून देतात, नियमच हाये."

मी म्हटलं, "मंग कंपनीनं काहून नाही सांगतलं?"

तिनं अर्जाचा फारम पुढं सरकवला. अठ्ठ्याऐंशीच्या फाईलीत जुनी पेन्सिल छाप होती. सारे आकडे जसेच्या तसे. एकोनीस दिवसात नंबर ठोकून भेटला. एका अर्जाचं काम! त्या साहेबाले चोर म्हनाले तोंड होतं, हे सांगाले नव्हतं?

मांगच्या मंगयवारी त्याच कंपनीनं इमा केला. मी अमोलसंग गेली. तोच साहेब, तीच खुर्ची. कागद देला अन् म्हने, "झालं न काम, काकू?"

मी म्हटलं, "नाही झालं. नत्थुजीची गाडी चोरीची नव्हती, एवढं म्हना."

"काकू, ते सिस्टीम..."

"सिस्टीमनं नाही म्हटलं, तुमी म्हटलं."

अमोल माहा हात ओढे, "आत्या, चाल वं." मी खुर्ची ओढली अन् बसली. मांगं लोकं उभे, सारे आइकून राह्यले. साहेब कंप्युटरात पाहे, मी त्याच्या तोंडाकडं. मंग हयूच म्हने, "नव्हती."

"जोरानं म्हना. त्या दिवशी जोरानं म्हटलं होतं."

म्हटलं त्यानं. तवा मी उठली.